दात्री, धात्री आणि दाखला

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी त्या संध्याकाळी दर वर्षी एक गवळी गाय-वासरू घेऊन उभा राहतो. शहरी माणसाला गाय एवढ्या जवळून दिसण्याचा वर्षातला हा बहुधा एकच दिवस. 2022 साली लंपीची साथ आली, गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांच्या ने-आणीवर निर्बंध आले आणि आमच्या इमारतीतल्या बायकांनी मातीच्या गाय-वासरावर वेळ निभावून नेली. तेव्हापासून फाटकाशी खरी गाय दिसली की आमच्या मातोश्रींना जरा जास्तच हायसे वाटते.

तर त्या संध्याकाळी आई ताम्हन घेऊन पुढे झाली आणि मध्येच थबकली. गाय काळीपांढरी, विलायती संकराची. वासरू मात्र तांबूस, कपाळ फुगीर, कान पानासारखे लांब लोंबणारे. आईचे बालपण गोठ्यात गेलेले. तिने विचारले, "काय रे बाबा, वासरू हिचंच ना?"

गवळी हसला. म्हणाला, "पोटचं हिचंच, आजी. पण वाण दुसरीचं. खरी गीर गाय तिकडं फार्मवर आहे. ही नुसती वाढवणारी."

मागे बायकांची रांग लागलेली, आणि आई निरांजन हातात धरून विचारात पडलेली. आई म्हणून ओवाळायचे कुणाला? शेवटी तिने समोर होती तिलाच ओवाळले. पण घरी आल्यावर बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाताना ती दोनदा म्हणाली, "मला काही ते पटलं नाही बाई."

त्यानंतर पाडव्याला माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली. अकरावी-बारावीला ती शास्त्र शाखेत होती आणि मराठीला माझ्या वर्गात बसे. पुढे ती पशुवैद्य झाली. आम्ही तिला घरात कौतुकाने डॉक्टरीणबाई म्हणतो. आईने तिच्यापुढे चकलीची बशी ठेवली आणि लागलीच वासराचा खटला मांडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, गवळ्यानं खरं तेच सांगितलं. आणि मी हेच काम करते."

मग तिने सांगितले ते असे. चांगल्या वाणाच्या गाईला इंजेक्शने देतात, म्हणजे एकाऐवजी अनेक बीजे पक्व होतात. ती फळली, की सुमारे सातव्या दिवशी गर्भाशयात बारीक नळी घालून आत औषधी द्रव सोडतात आणि तो गाळून परत घेतात. त्या द्रवात सापडतात भ्रूण. एका खेपेला सरासरी पाच-सहा उपयोगी पडण्यासारखे. भ्रूण म्हणजे केवढा? सुमारे मिलिमीटरचा सहावा भाग. उन्हाच्या तिरिपेत धुळीचा कण दिसतो तेवढाच. तो दुसऱ्या गाईच्या पोटात ठेवला की ती त्याला नऊ महिने वाढवते. नाही तर तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर गोठवून ठेवायचा. मग वर्षानुवर्षे काळजी नाही, आणि विमानाने हव्या त्या देशाला पाठवता येतो.

"गाय इथं आणि वासरू परदेशात!" आई म्हणाली. "अगं, मग गाईलाच का नाही पाठवत?"

या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे, आणि त्यात आपल्या देशाच्या गाईंचाच हात आहे. डॉक्टरीणबाईंनी ते चिवडा खात खात सांगितले. मला मात्र त्या दिवसापासून ते विसरता आलेले नाही.

ब्राझील देशाला आपल्या गुरांची मोठी ओढ. आपली ओंगोल तिथे 'नेलोर' झाली, कांकरेज 'गुझेरा' झाली, गीर गीरच राहिली. आज त्या देशातल्या गोधनाचा मोठा हिस्सा या आपल्या वंशांचा आहे. पूर्वी ही गुरे बोटीने जात. 1920 साली अशीच एक बोट हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली गुरे घेऊन वाटेत बेल्जमच्या अँटवर्प बंदराला लागली. गुरांबरोबर एक न दिसणारा उतारूही होता. त्याचे नाव बुळकांडी. बेल्जमच्या गोठ्यांत रोग पसरला आणि साऱ्या युरोपची झोप उडाली. पुढच्या वर्षी पॅरिसला परिषद भरली, आणि 25 जानेवारी 1924 रोजी 28 देशांनी करारावर सह्या करून जनावरांच्या रोगांसाठी एक जागतिक कचेरी काढली. युनोच्या जन्माआधी एकवीस वर्षे! जगातल्या राष्ट्रांना एकत्र बसवायला गुरांचा रोग कामी आला म्हणायचा. आज ती संस्था जागतिक पशु आरोग्य संघटना म्हणून ओळखली जाते, आणि एका देशातून दुसऱ्या देशात जनावर किंवा त्याचा भ्रूण पाठवताना कोणती पथ्ये पाळायची, याची संहिता तीच ठरवते.

जिवंत जनावर पाठवायचे म्हणजे सारा गोठाच पाठवण्यासारखे. त्याचे श्वास, लाळ, शेण, अंगावरच्या गोचिड्या, सगळे त्याच्याबरोबर जाते. 1962 साली आपल्याकडून गेलेल्या गुरांना ब्राझीलने आधी भर समुद्रातल्या फर्नांदो दे नोरोन्हा बेटावर अडकवून ठेवले होते, ते याच धास्तीने. गंमत म्हणजे त्याच वर्षी दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधल्या मेंढ्यांचे भ्रूण एका सशाच्या बीजवाहिनीत ठेवून तो ससा विमानाने दक्षिण आफ्रिकेला नेला, आणि तिथल्या मेंढ्यांच्या पोटी त्यांची कोकरे झाली. मेंढ्यांचा कळप एका सशाच्या पोटातून समुद्रापार! पुढे 1973 साली केंब्रिजला गोठवलेल्या भ्रूणापासून पहिले वासरू जन्मले, आणि सशाची ती चाकरी सुटली.

"पण बाळ," आई म्हणाली, "रोग काय गाईच्या पोटात नसतो? तिथून काढलेल्या कणालाही तो लागलेला असेल."

डॉक्टरीणबाईंनी बशी बाजूला ठेवली आणि काखोटीला मारून आणलेले बाड उघडले. ती खरे तर फराळाला आलीच नव्हती. ती माझ्याकडे शब्द मागायला आली होती.

"सर, आमच्या प्रयोगशाळेत आणि गोठ्यात काम करणारी मुलं आसपासच्या गावांतली आहेत. हे नियम इंग्रजीतून वाचून दाखवले की नुसत्या माना डोलावतात. आमचे भ्रूण अजून परदेशी गेलेले नाहीत. पण ते साता समुद्रापार जावोत की शेजारच्या गावी, काम त्याच रीतीनं करायचं असं आम्ही ठरवलंय. तेव्हा हे मराठीत करून द्या."

मराठीच्या प्राध्यापकाला असे कुणी म्हटले की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढते. मी चष्मा पुसला आणि कामाला बसलो. पहिल्याच ओळीत भ्रूण देणारी गाय आणि तो वाढवणारी गाय असे दोन शब्द हवे होते. मी तत्काळ म्हणालो, "दात्री आणि धात्री! दात्री देणारी, धात्री सांभाळणारी. अनुप्रास पाहा."

ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "सर, अनुप्रास फार गोड आहे. पण पहाटे चारला, हातमोजे घालून, आमचा मुलगा वहीत लिहिणार. त्याच्या हातून द-चा ध झाला तर कुठली गाय कुठली ते कळायचं नाही, आणि सगळा दाखला फुकट जाईल. आपण 'देणारी' आणि 'वाढवणारी' म्हणूया का?"

गवळ्याने फाटकाशी वापरलेला शब्द शेवटी कायम झाला. माझी पंचवीस वर्षांची प्राध्यापकी पहिल्याच ओळीत आटोपली.

पुढे मात्र मी निमूटपणे वाचत गेलो, आणि वाचता वाचता त्या कोरड्या नियमांत गुंतलो. देणारी गाय ज्या कळपातली, त्या कळपावर रोगाचे निर्बंध नसावेत. भ्रूण काढण्याच्या दिवशी पशुवैद्याने तिला स्वतः तपासलेले असावे. ज्या वळूचे रेत वापरले तेही नियमात बसणारे हवे. पण साऱ्याचे मर्म आहे ते भ्रूणाच्या कवचात. सात दिवसांच्या त्या कणाभोवती एक पारदर्शक कवच असते. ते अखंड असले तर बहुतेक जंतू आत शिरू शकत नाहीत. ते बाहेरच राहतात, आणि जे बाहेर आहे ते धुता येते.

म्हणून धुवायचे. किती वेळा? दहा वेळा! दर वेळी नवे भांडे, नवा द्रव, उचलायला नवी निर्जंतुक नळी. दर वेळी आधीच्या पाण्याचा शंभरावा भाग किंवा त्याहून कमीच पुढच्या पाण्यात जावा. म्हणजे मूळच्या मळाचा अंश दर खेपेला शंभरपट विरळ होतो. दहा वेळा शंभर पटींनी विरळ, म्हणजे एकावर वीस शून्ये! एका वेळी धुवायचे ते एकाच गाईचे, आणि दहांहून अधिक नाहीत. काही विषाणू, विशेषतः गाईच्या नाक-घशाच्या आजाराचा एक विषाणू, कवचाला चिकटून बसतात आणि नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. त्यांच्यासाठी पाच पाणी झाले की ट्रिप्सिन नावाचा पाचक रस घातलेल्या द्रवातून दोनदा न्यायचे, तेही मिनिट-दीड मिनिटच, आणि मग पुन्हा पाच पाणी. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली निदान 50 पट मोठे करून, उलटसुलट फिरवून, कवच चहूबाजूंनी अखंड आहे, त्याला काही चिकटलेले नाही, हे डोळ्यांनी पाहायचे. तेव्हा कुठे तो कण बारीक नळीत जाणार. नळीवर गाईची, वळूची, दिवसाची ओळख लिहिली जाणार. पेटीत आधी कशालाही न वापरलेला नायट्रोजन भरणार, आणि निघण्यापूर्वी सरकारी पशुवैद्य पेटीला मोहोर लावणार.

हे सारे सोपस्कार नीट झाले तर त्याचे फळही मोठे आहे. लाळ्या-खुरकूत हा रोग आपल्या देशात अजून आहे. त्यापायी जिवंत गाईला कित्येक देशांची दारे बंद असतात. पण गाईच्या पोटात नैसर्गिकपणे तयार झालेला भ्रूण या रीतीने धुतलेला असेल, तर केवळ त्या रोगाच्या नावाखाली त्याला अडवू नये, असे ती पॅरिसची संहिता म्हणते. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत तयार केलेल्या भ्रूणांना मात्र ही सवलत जशीच्या तशी मिळत नाही. त्यांच्या कवचाची ठेवण निराळी असते आणि त्याला विषाणू अधिक चिकटतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे प्रकरण आहे. मेंढ्या, शेळ्या, डुकरे यांचीही पथ्ये वेगळी. एका जातीला लागू पडले ते दुसरीला आपोआप लागू धरायचे नाही.

"हे तर आमच्या आजेसासूबाईंच्या सोवळ्यासारखं झालं," आई म्हणाली. "त्याही भांडं दहादा विसळायच्या."

"आजी, त्यांनी भिंग लावून पाहिलं असतं तर तेही चाललं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई हसली. मग एकाएकी गंभीर झाली आणि तिने जी गोष्ट सांगितली ती मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकली नव्हती.

आई सहा-सात वर्षांची असतानाची गोष्ट. तिच्या वडिलांनी बाजारातून एक बैलजोडी आणली. त्यांच्याकडे रीत अशी, की नवे जनावर पंधरा-वीस दिवस वाड्याबाहेर चिंचेखाली बांधायचे, त्याचे पाण्याचे टोपलेही निराळे. पण त्या वर्षी पेरणी तोंडावर आलेली. विकणाऱ्याने खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, की गावात रोगराई नाही. आजोबांनी शपथेवर भरवसा ठेवला आणि जोडी सरळ गोठ्यात घेतली. महिन्याच्या आत गोठा रिकामा झाला. बुळकांडी! दावणीला एक म्हातारी गाय तेवढी उरली.

"तो माणूस खोटं बोलला असं अण्णा कधी म्हणाले नाहीत," आई म्हणाली. "म्हणायचे, त्याला ठाऊकच नसेल. शपथ खरी होती रे, पण त्यानं पाहिलं काहीच नव्हतं."

बुळकांडी आता जगात नाही. तिच्यावरच्या संशोधनासाठी आपल्या देशातली पहिली प्रयोगशाळा 1889 साली इथे पुण्यातच, कॉलेज ऑफ सायन्समध्ये निघाली. पुढे 1893 साली ती दूर कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. रोगाचे जंतू हाताळायचे तर वस्तीपासून दूरच जायला हवे होते. 1954 साली देशभर लसीकरणाची मोहीम निघाली. आपल्याकडे शेवटचा रोगी 1995 सालचा, आणि 2011 साली साऱ्या जगातून हा रोग गेल्याची घोषणा झाली. माणसाने देवीनंतर समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग. पण आईच्या मनातला तो गोठा अजून रिकामाच आहे. तिने डॉक्टरीणबाईंकडे वळून विचारले, "एवढं धुता, पुसता, मोहोर लावता. पण शेवटी सही कोण करतं?"

"वहीत मी करते, आजी. माझ्या सहीच्या भरवशावर पुढे सरकारी डॉक्टर करतो. आणि त्याच्या भरवशावर परक्या देशातला कुणी तरी शेतकरी, ज्यानं आम्हा दोघांना कधी पाहिलेलं नाही, तो ते आपल्या गाईच्या पोटात ठेवतो."

मग तिने आपली एक हकीकत सांगितली. एकदा एका नामांकित गाईचे सहा भ्रूण मिळाले. त्यांतल्या सर्वांत उत्तम भ्रूणाच्या कवचाला तिला एक बारीक चीर दिसली. मालक शेजारी उभे. म्हणाले, "केसाएवढी चीर, त्यानं काय होतंय? अखंड आहे म्हणून लिहून टाका." तिने लिहिले नाही. तो भ्रूण टाकला नाही, फक्त त्याला दाखला दिला नाही. तिथल्याच, त्याच कळपातल्या एका गाईच्या पोटात तो ठेवला, आणि नऊ महिन्यांनी ठणठणीत कालवड झाली. तेव्हापासून मालक भेटले की म्हणतात, बघा, काही झालं नाही ना?

"मग तू काय म्हणतेस?" मी विचारले.

"मी म्हणते, आज मला माहीत आहे. त्या दिवशी नव्हतं."

मी मान डोलावली. तशी ती माझ्याकडे पाहून मिस्कील हसली. "सर, राग मानू नका. बारावीनंतर प्रवेशासाठी मला वर्तणुकीचा दाखला हवा होता, तो तुम्हीच दिलात. त्या दिवशी तुमच्यापुढे पन्नासेक कागदांचा गठ्ठा होता. तुम्ही सह्या करत होता आणि शेजारच्या सरांशी क्रिकेटबद्दल बोलत होता. माझ्याकडे वरही पाहिलं नाहीत."

"पण तुझी वर्तणूक चांगलीच होती की!"

"होती. पण तुम्हाला कुठे ठाऊक होतं?"

आई पदराआड हसत होती. मी लाडू तोंडात घातला, कारण बोलण्यासारखे काही नव्हते. इतक्या वर्षांत मी असे किती दाखले दिले असतील! सारी मुले सालस, सारी होतकरू. भंडारा उचलण्याएवढे कष्टही मी घेतले नव्हते. अण्णांना फसवणाऱ्या त्या माणसाने निदान देवाला तरी साक्षी ठेवले होते.

त्या रात्री उशिरापर्यंत मी तिच्या बाडाचे मराठी केले. शेवटी वहीतला तो मजकूर आला, ज्याखाली तिला सही करायची असते. आमच्या कॉलेजात असल्या मजकुराचा साचा ठरलेला आहे. 'प्रमाणित करण्यात येते की...' हात सवयीने तेच लिहून गेला, आणि मग माझ्या लक्षात आले की या वाक्यात माणूसच नाही. कोण प्रमाणित करतो? कुणी पाहिले? कर्मणी प्रयोग मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो, पण त्याच्या आड माणूस इतका आरामात दडू शकतो, हे मला त्या रात्री उमगले. मी ओळ खोडली आणि लिहिले, 'हा भ्रूण मी स्वतः भिंगाखाली चहूबाजूंनी पाहिला आहे. त्याचे कवच अखंड आहे. त्याला दहा पाणी माझ्यासमोर झाले आहे.'

डॉक्टरीणबाईंना ती ओळ पसंत पडली. त्यांच्या वहीत ती आता छापलेली आहे.

यंदा जूनमध्ये दाखल्यांचा गठ्ठा माझ्यापुढे आला, तेव्हा मी एकेका मुलाला समोर बोलावले. ज्यांना ओळखत होतो त्यांच्याबद्दल जे माहीत होते ते लिहिले. ज्यांना ओळखत नव्हतो त्यांना खुर्चीवर बसवून दहा मिनिटे बोललो. एका दिवसाचे काम तीन दिवस चालले. कचेरीतले कारकून वैतागले, आणि एका मुलाने बाहेर गेल्यावर मित्राला विचारले, "सरांची तब्येत बरी आहे ना?" ते मी दाराआडून ऐकले.

आता वसुबारस पुन्हा आली आहे. आईने यंदा ताम्हनात दोन निरांजने ठेवायचे ठरवले आहे, एक समोरच्या गाईला आणि एक फार्मवरच्या त्या न दिसणाऱ्या देणारीला. त्याखेरीज तिने मला आणखी एक काम सांगून ठेवले आहे. गवळी आला की त्याने गाईला लंपीची लस टोचून घेतली आहे की नाही, ते विचारायचे.

"आणि नुसता कागद बघून परत येऊ नकोस," ती म्हणाली. "गाईच्या अंगावरून हात फिरवून बघ."